देश सोडायला आधी देश लागतो

श्रीलंका २०२२ साली बुडाली तेव्हा आपल्याकडच्या पांढरपेशांना चघळायला एक विषय मिळाला. देशाची अशी दशा झाली तर माणसानं काय करावं? राहावं की जावं? एक म्हणाला, जळत्या घरात बसून राहतो तो मूर्ख. दुसरा म्हणाला, संकटात मायभूमीला पाठ दाखवतो तो कृतघ्न. दोघांच्या हातात चहाचे कप होते. हा चहा खुडणारी बाई या चर्चेत कुठंय, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. कसं सुचणार? चर्चा करणाऱ्यांच्या देशात खुडणारी, उपसणारी, झाडणारी माणसं नसतातच. तिथं फक्त तेच असतात आणि त्यांचे पाहुणे.

आम्ही त्या बाईपासून बोलणार आहोत. राहू की जाऊ हा प्रश्न खरा की बनावट, हे तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पण आधी जे गेले त्यांचा हिशोब घेऊ.

१२ एप्रिल २०२२ ला श्रीलंका सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडणं आता आम्हाला जमणार नाही. कर्ज होतं ५१०० कोटी डॉलरच्या घरात. त्याच्या आधीच मार्चमध्ये कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. दिवसाला तेरा तेरा तास वीज गायब. पेट्रोलच्या रांगेत उभी राहून माणसं मेली. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांना भिडली, खाण्यापिण्याची तर ९० च्या वर गेली. हे काही आभाळातून पडलं नव्हतं. २०१९ च्या शेवटी राजपक्षेंच्या सरकारने पैसेवाल्यांचे कर कापले. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि शेतकऱ्याला सांगितलं, आता सेंद्रिय शेती कर. भात झोपला, चहा झोपला. कोरोनाने पर्यटक थांबवले होतेच. तिजोरीतले डॉलर संपले.

मग बाहेर पडायची रांग लागली. त्या एका वर्षात नऊ लाखांच्या आसपास पासपोर्ट निघाले. देश केवढा? सव्वा दोन कोटींचा. तीन लाखांवर माणसं नोकरीसाठी बाहेर गेली. डॉक्टर तर असे गेले की २०२३ मध्ये अनुराधापूरच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांचा वॉर्ड बंद करायची वेळ आली. आणि सरकार काय करत होतं? जून २०२२ मध्ये हुकूम निघाला की सरकारी नोकरांनी पाच वर्षांची बिनपगारी रजा घ्यावी, परदेशी जाऊन कमवावं, ज्येष्ठता जाणार नाही, पेन्शन बुडणार नाही. त्याच महिन्यात दुसरा निर्णय झाला. घरकामाला परदेशी जाणाऱ्या बाईच्या वयाची अट खाली आणून २१ वर ठेवली. वाचा हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून. बाबूला रजा, मोलकरणीला वयाची सूट. बाबूची खुर्ची राखून ठेवली. मोलकरणीचं काय राखलं? तिची पोरं कोणी सांभाळायची हेही कोणी विचारलं नाही.

आणि ज्याने मायभूमी मायभूमी करत मतं मागितली तो गोटाबाया राजपक्षे? ९ जुलैला लोक त्याच्या वाड्यात घुसले. १३ जुलैच्या पहाटे लष्कराच्या विमानात बसून तो मालदीवला पळाला, तिथून सिंगापूरला. राजीनामा ई-मेलने पाठवला. हाच माणूस २०१९ पर्यंत अमेरिकेचा नागरिक होता, निवडणूक लढवायची म्हणून ते नागरिकत्व त्याने सोडलं. आणि सप्टेंबरमध्ये परत आला तेव्हा सरकारी बंगला आणि पहारा तयार होता. याला म्हणतात देश असणं! जाताना लष्कराचं विमान, येताना सरकारी बंगला. अशा माणसाला राहू की जाऊ हा प्रश्न पडतो, आणि दोन्ही उत्तरं त्याच्या खिशात असतात.

आता या मळ्यावर.

मध्य श्रीलंकेतले डोंगर. नुवारा एलिया, हटन, बदुल्ला. पोस्टकार्डावर हिरवेगार. २०२१ मध्ये इथल्या मजुराला बरीच वर्षं भांडून दिवसाला १००० रुपये मिळाले. तेव्हा ते पाच डॉलर होते. वर्षभरात तीन डॉलरच्या आत आले. अठरा-वीस किलो पान खुडलं तर पूर्ण हजेरी, कमी भरलं तर अर्धी. खत बंद केलं कोलंबोतल्या साहेबाने, पालवी आटली डोंगरावर, आणि हजेरी अर्धी झाली बाईची. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉकेल लिटरमागे ८७ रुपयांवरून ३४० वर गेलं. देशात चारांतला एक माणूस गरिबीत गेला असं जागतिक बँक सांगते. मळ्यांवर निम्म्याहून जास्त.

मग हिने का नाही धरली विमानतळाची वाट?

अरे, देशाचं सोडा, तिला लाईन सोडता येत नाही. लाईन म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या, पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्यांची रांग. खोली मळ्याची, जमीन मळ्याची. घरातल्या एकानं तरी मळ्यावर काम करावं ही खोलीची किंमत. २९ ऑक्टोबर २०१४ ला बदुल्ला जिल्ह्यात मीरियाबेद्दा इथं डोंगर खचला आणि लाईनीच्या लाईनी माणसांसकट गाडल्या गेल्या. इथं धोका आहे, माणसं हलवा, असं सरकारच्याच खात्याने आधी सांगून ठेवलं होतं. ती हलली का नाहीत? कुठं हलणार? शेजारच्या उतारावर झोपडं टाकायलाही हक्काची चार हात जागा नव्हती. नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळात पुन्हा हेच डोंगर कोसळले. मरण समोर दिसत असताना ज्याला अर्धा मैल सरकता येत नाही, त्याला तुम्ही विचारताय, देश सोडणार का?

ही माणसं कोण? ऐका.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी सिलोनात कॉफीचे मळे घातले. मजूर आणले मद्रास इलाख्यातून. बहुतेक कोण होते? पल्लर, परैयर, चक्किलियर. म्हणजे आपलेच. दुष्काळाने आणि जमीनदाराने पिळलेले, गावकुसाबाहेरचे. रामेश्वरमकडून समुद्र ओलांडायचा आणि मन्नारच्या जंगलातून पायी डोंगर गाठायचे. वाटेत पटकीने, तापाने किती मेले त्याची गणती नाही. आणणारा होता कंगाणी. आपल्या मराठवाड्यातल्या ऊसतोड्याला कंगाणी कोण हे समजावून सांगायची गरज नाही. उचल देणारा मुकादम, तोच तो. जात सहसा मजुरापेक्षा वरची. उचल फिटेपर्यंत माणूस त्याचा. तुंडू नावाची चिठ्ठी असे, तिच्यावर कर्ज लिहिलेलं. दुसऱ्या मळ्याने ते कर्ज अंगावर घेतलं तर माणूस तिकडं जाणार. १९२१ मध्ये ही चिठ्ठी कायद्याने गेली, पण तोवर दोन-तीन पिढ्या संपल्या होत्या. कॉफीला रोग पडला, चहा आला, रेल्वे आली, कोलंबोचं बंदर उभं राहिलं. सगळं या घामावर.

४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झालं. स्वतंत्र देशाने वर्षाच्या आत काय केलं? नागरिकत्वाचा कायदा करून याच माणसांना देशाबाहेर काढलं, आणि कामाला मात्र जागेवरच ठेवलं. बाप इथं जन्मला त्याचा दाखला दाखव, नाहीतर आजा-पणजाचा दाखव. लाईनीत जन्मलेल्याचा दाखला कोणी ठेवला होता? १९४९ मध्ये मतही काढून घेतलं. का? १९४७ च्या निवडणुकीत या मजुरांनी स्वतःचे ७ खासदार निवडून दिले होते आणि बाकी मतदारसंघांत लाल झेंड्याला मतं टाकली होती. मजूर मत देतोय हे बघून सेनानायकांच्या पोटात गोळा आला. सात लाखांच्या वर माणसं एका फटक्यात बिनदेशाची झाली. मग दुसरा कायदा काढून म्हणाले, करा अर्ज. आठ लाखांवर माणसांसाठी अर्ज गेले. नागरिकत्व मिळालं दीड लाखाच्याही आत.

आणि ३० ऑक्टोबर १९६४ ला दिल्लीत करार झाला. इकडून लालबहादूर शास्त्री, तिकडून सिरिमावो बंदरनायके. भाऊ वेगळे होताना गुरं वाटून घेतात तशी माणसं वाटली. एकूण नग ९ लाख ७५ हजार. भारताने घ्यायचे ५ लाख २५ हजार, सिलोनने ठेवायचे ३ लाख. उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो पुन्हा बसल्या आणि ते दीड लाख पंच्याहत्तर-पंच्याहत्तर हजार असे निम्मे निम्मे केले. ज्यांची वाटणी चालली होती त्यांतल्या एकाला तरी त्या खोलीत बोलावलं होतं का? राहू की जाऊ हे त्यांच्या वतीने दोन राजधान्यांनी ठरवलं. एकाच घरातला एक भाऊ भारताच्या यादीत, दुसरा सिलोनच्या. म्हातारी इकडं, लेक तिकडं.

मित्रांनो, पांढरपेशाचा प्रश्न आणि आपला प्रश्न इथं वेगळा होतो. त्याला देश असतो म्हणून तो देश सोडण्याचा विचार करतो. आपल्याला देशाने कधी धरलंच नाही. आपल्याला हलवलं जातं, नाहीतर बांधून ठेवलं जातं. बांधून ठेवतात तेव्हा त्याला निष्ठा म्हणतात आणि हलवतात तेव्हा पुनर्वसन.

या वाटणीत सगळे सामील होते. नावं घ्यायला आम्हाला लाज वाटत नाही. जाफन्याच्या वरच्या जातीतले तमिळ नेते तमिळ तमिळ म्हणून गळे काढत होते. त्यांचे जी. जी. पोन्नंबलम १९४९ चा नागरिकत्वाचा कायदा झाला तेव्हा मंत्रिमंडळात बसून होते. चेल्वनायकम त्यांच्यापासून फुटले हे खरं, पण मळ्यावरच्या माणसाचं मत गेलं ते गेलंच. भाषा एक होती, जात एक नव्हती. आणि डावे? लंका समसमाज पक्षाने १९४८ च्या कायद्याला संसदेत विरोध केला. शाबास. पण जून १९६४ मध्ये तोच पक्ष सिरिमावोंच्या सरकारात मंत्रिपदं घेऊन बसला आणि चार महिन्यांत करार झाला. त्याच्या नंतरचे जहाल पोरांचे डावे म्हणजे जनता विमुक्ती पेरमुना. ते आपल्या शिबिरांत शिकवत की मळ्यावरचे तमिळ म्हणजे भारतीय विस्तारवादाचे हस्तक. ज्याच्या अंगावर धड कांबळं नाही तो म्हणे विस्तारवादी! त्याच पेरमुनाच्या आघाडीतून २०२४ च्या निवडणुकीत मळ्यांवरच्या बायका संसदेत गेल्या. चांगलं झालं. पण जुना धडा चुकीचा होता हे त्यांनी मळ्यावर येऊन, सगळ्यांसमोर सांगावं. क्रांतीची पोथी हातात असली म्हणून माणूस जातीच्या आणि वंशाच्या बाहेर पडतोच असं नाही. आपल्याकडच्या कॉम्रेडांनाही हे लागू आहे.

आता आपल्या घरातलं एक दुखणं. श्रीलंकेचं नाव निघालं की आपली माणसं हात जोडतात. बुद्धाची भूमी म्हणून. मे १९५० मध्ये बाबासाहेब कोलंबोला बौद्ध परिषदेला गेले होते, आणि तिथल्या अस्पृश्यांना त्यांनी बौद्ध धम्म घ्या असं सांगितलं. त्या वेळी मळ्यावरच्या माणसाचं मत जाऊन वर्षच झालं होतं. १९७२ च्या राज्यघटनेनं बौद्ध धर्माला पहिलं स्थान दिलं. आणि त्याच राज्यात १९७३-७४ ला मळ्यांवर माणसं उपासमारीने मेली. १९७७, १९८१, १९८३ च्या दंगलींत लाईनी जळल्या, माणसं कापली गेली. धम्माचं नाव लावलेलं राज्य समतेचं असेलच असं नाही. आपला बुद्ध बावीस प्रतिज्ञांचा आहे, राजवाड्यातला नाही. म्हणून पुढच्या वेळी अनुराधापूरला बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायला जाल तेव्हा हटनच्या लाईनीतही जाऊन या.

बरं, करारात वाटणीला येऊन जे भारतात उतरले त्यांचं काय झालं? तलैमन्नारहून बोटीत बसवलं, रामेश्वरमला उतरवलं. मायदेशी आलात म्हणाले. मायदेश कसला? तीन-चार पिढ्या तिकडं गेलेल्या. बरेच जण निलगिरीत गेले, कोटगिरी-गुडलूरकडं. सरकारी चहामळ्यांवर, पुन्हा लाईनीत. तेच पान, तीच टोपली. तिकडं त्यांना इंडियन म्हणून हिणवायचे, इकडं सिलोनकारर म्हणायला लागले. आणि जात? ती धक्क्यावर उभीच होती, सामान उतरवून घ्यायला. १९८४ मध्ये बोट बंद पडली तेव्हा हजारो माणसं तिकडंच अडकली. हातात भारताचे कागद, पाय मळ्यात. त्यांचा गुंता २००३ च्या कायद्याने सुटला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचावन्न वर्षांनी.

मार्च २०२२ मध्ये मन्नार-जाफन्याकडून काही कुटुंबं पुन्हा समुद्रात उतरली. बोटवाल्याला होतं नव्हतं ते दिलं. त्यानं धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर लेकराबाळांसकट सोडलं. तिथून मंडपमच्या छावणीत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, आणि २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात श्रीलंकेचं नाव नाही. तिथं दशकानुदशकं राहिलेल्या माणसाच्या पोरालाही आपला देश कुठला ते सांगता येत नाही. मळ्यांवरून आलेली कुटुंबंही त्या छावण्यांत आहेत. आजा इथून नेला, नातू इथं आला, आणि नातू परदेशी!

आता कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आम्ही चेंबूर-वरळीत बसून काय करू? च्यायला, प्रश्न तिकडचा कसा? १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. त्या एका बोलण्यावर अजून लोकांची आग होते. १९४२ च्या नागपूरच्या अधिवेशनात दलितांसाठी वेगळ्या वसाहतींचा ठराव झाला तेव्हाही हेच प्रेमळ लोक म्हणाले, गाव का तोडता? गाव यांना हवंच. मेलेलं जनावर ओढायला, वेशीवर जागायला माणूस नको का?

आजही तुमच्या पासपोर्टकडं बघा. दहावी झालेला एका रांगेत, न झालेला दुसऱ्या. आखाती देशांत कामाला जायचं तर न झालेल्याला सरकारची वेगळी परवानगी. सांगतात, तुमच्या रक्षणासाठी. असेल. पण दहावीच्या आत कोणाची शाळा सुटली, त्यांच्या जाती मोजा एकदा. आणि दहावी, इंजिनियरिंग करून अमेरिकेत पोचलेल्या आपल्या पोरालाही विचारा. तिथल्या ऑफिसात आडनाव विचारणारे आधीच पोचलेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नाकारलं. विमानात वजनाची मर्यादा असते. जातीला ती लागू होत नाही.

म्हणून म्हणून काय, जाऊ नका? असं आम्ही म्हणणार नाही. ज्याला जाता येतं त्यानं खुशाल जावं. पोटासाठी जाणाऱ्याला कृतघ्न म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यायला पाहिजे. २०२३ मध्ये बाहेर गेलेल्या श्रीलंकेच्या माणसांनी घरी जवळजवळ ६०० कोटी डॉलर पाठवले. आखातात दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या, पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकलेल्या बायकांच्या पैशावर देशाची तिजोरी पुन्हा भरू लागली. राजपक्षेंनी बुडवलं, मोलकरणीनं तारलं. मग देशद्रोही कोण आणि देशभक्त कोण?

पण जाणं म्हणजे सुटका, असंही आम्ही म्हणणार नाही. आणि राहणं म्हणजे देशभक्ती, हे तर मुळीच नाही. कर्जाच्या चिठ्ठीने, खोलीच्या किल्लीने, दरडीच्या खाली ज्याला राहावं लागतं त्याचं राहणं ही कैद आहे. कैद्याला देशभक्त म्हणणं ही शिवी आहे.

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये मळ्यांवरच्या लोकांनी एक गोष्ट केली ती आपण बघून ठेवली पाहिजे. दोनशे वर्षं झाली म्हणून तलैमन्नारहून मातलेपर्यंत ते पायी चालले. पूर्वज ज्या वाटेने हाकलत आणले होते त्याच वाटेने, या वेळी स्वतःच्या पायाने. मागणं काय? आम्हाला परत पाठवा असं नाही, आमच्यावर दया करा असंही नाही. राहत्या घराची जमीन आमच्या नावावर करा, पोटाला पुरेल अशी मजुरी द्या, या देशातले बरोबरीचे नागरिक म्हणून मोजा. देश बुडून वर्ष झालं होतं. बाकीचे पासपोर्टच्या रांगेत होते. आणि ही माणसं सांगत होती, आम्ही इथलेच आहोत, आता कागदावर लिहा.

राहायचं तर असं. बापाची जागा सुटत नाही म्हणून चिकटून नाही, हक्क वसूल करायला. आणि जायचं तर तेही हक्काने. हातात स्वतःचा पासपोर्ट, करारावर स्वतःची सही, परत यायला स्वतःचं घर. या दोन वाटा ज्याच्यासमोर उघड्या आहेत त्यानेच राहू की जाऊ यावर बोलावं. बाकीच्यांनी आधी वाट उघडण्याच्या लढाईत यावं.

आणि चहाचे कप हातात घेऊन मायभूमीवर प्रवचन झोडणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच विचारतो. या भूमीतली लाईनीखालची, वस्तीखालची, नाल्याकाठची जमीन आमच्या नावावर करायला तुमची सही कधी होणार? ती सही करा. मग राहायचं की जायचं ते आमचं आम्ही ठरवू. तुम्हाला विचारायला येणार नाही.